समुद्रपातळीचा ताळेबंद

समुद्राची पातळी किती चढली किंवा उतरली हे मोजून त्यातला कोणता वाटा कशामुळे आला याचा हिशेब मांडणे, याला समुद्रपातळीचा ताळेबंद म्हणतात. एका बाजूला प्रत्यक्ष मोजलेली वाढ असते. दुसऱ्या बाजूला उष्णतेने फुगलेले पाणी, वितळलेला बर्फ आणि जमिनीवर साठलेल्या पाण्यातली घटवाढ यांची बेरीज असते. या दोन बाजू वेगवेगळ्या उपकरणांनी मोजल्या जातात, म्हणूनच त्या जुळण्याला अर्थ आहे.

सर्वांत जुने उपकरण म्हणजे भरतीमापक. बंदराच्या धक्क्यालगत एक उभी नळी बसवतात आणि तिच्या तळाशी लहानसे भोक ठेवतात. भोकातून पाणी सावकाश आतबाहेर करते, त्यामुळे लाटांची खळबळ बाहेरच राहते आणि आतले पाणी भरती-ओहोटीच्या संथ चालीने हलते. पूर्वी त्यावर तरंगणाऱ्या गोळ्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढत असे; आता बऱ्याच ठिकाणी रडार हे काम करते. आम्स्टरडॅमच्या नोंदी १७०० पासूनच्या आहेत, स्टॉकहोमच्या १७७४ पासूनच्या. पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने ठेवलेल्या या नोंदींना आजही पर्याय नाही.

मात्र भरतीमापक जमिनीला टेकलेला असतो आणि जमीन स्वतः हलते. हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून स्टॉकहोमची भूमी अजून वर येते आहे, म्हणून तिथे समुद्र चक्क खाली जाताना दिसतो. भूजलाचा अतिउपसा झालेल्या किनाऱ्यांवर उलटे घडते : जमीन खचते आणि समुद्र आहे त्याहून वेगाने चढल्यासारखा भासतो.

ऑगस्ट १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स/पोसायडन या उपग्रहाने ही अडचण बाजूला सारली. सुमारे १,३३६ किमी उंचीवरून तो पाण्याकडे रडारलहरी पाठवी आणि त्या परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढी. दर दहा दिवसांनी तीच वाट. पुढे जेसन मालिकेने आणि २०२० नंतर सेंटिनेल-६ ने हे काम चालू ठेवले. एकेका मोजमापात काही सेंटिमीटरची चूक असते. असंख्य मोजमापांच्या सरासरीतून मिलिमीटरचा फरक हाती येतो.

कारणांची बाजू दोन साधनांवर उभी आहे. आर्गो प्रकल्पाचे सुमारे ४,००० तरंगक, म्हणजे पाण्यात वाहणारी स्वयंचलित उपकरणे, जगभरच्या समुद्रांत एक किलोमीटर खोलीवर वाहत असतात. दर दहा दिवसांनी ते दोन किलोमीटरपर्यंत बुडी मारतात आणि तापमान व क्षारता नोंदवत वर येतात. त्यावरून पाणी किती फुगले हे कळते. दुसरे साधन ग्रेस (२००२–२०१७) आणि २०१८ पासून तिची उत्तराधिकारी मोहीम. यात दोन जुळे उपग्रह सुमारे २२० किमी अंतर राखून एकामागे एक धावतात. वाटेत जास्त वस्तुमानाचा भाग आला की पुढचा आधी ओढला जातो आणि दोघांतले अंतर किंचित बदलते. या बदलातून ग्रीनलंडचा बर्फ किती घटला, समुद्रात पाणी किती वाढले हे निघते. जमिनीवरचा ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की सरासरी पातळी १ मिमी चढते. आधीच तरंगत असलेला बर्फ वितळल्याने मात्र ती जवळजवळ बदलत नाही.

हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात पातळी सुमारे २० सेंमी वाढली. १९०१–७१ मध्ये वाढीचा वेग वर्षाला १.३ मिमी होता, २००६–१८ मध्ये ३.७ मिमी. १९७१–२०१८ मधल्या वाढीत निम्मा वाटा पाण्याच्या प्रसरणाचा, २२ टक्के हिमनद्यांचा, २० टक्के ग्रीनलंड व अंटार्क्टिकाच्या हिमस्तरांचा आणि ८ टक्के जमिनीवरील पाण्याचा आहे. निदान १९७१ पासूनच्या वाढीमागे मुख्य कारण मानवी हस्तक्षेप हेच असण्याची दाट शक्यता आहे, असा या अहवालाचा निष्कर्ष आहे.

ही वाढ सगळीकडे सारखी नसते. ग्रीनलंडचा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की ओढ सैल होते आणि ग्रीनलंडच्या आसपास पातळी उतरते, तर दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते.

हिशेब जुळायला फार वेळ लागला. २००२ मध्ये समुद्रवैज्ञानिक वॉल्टर मंक यांनी विसाव्या शतकातली पातळीवाढ हे कोडेच असल्याचे लिहिले, कारण ज्ञात कारणांची बेरीज मोजलेल्या वाढीपेक्षा कमी भरत होती. १९०० पासूनचा ताळेबंद जुळवणारे संशोधन २०२० मध्ये आले. धरणांमागे अडलेल्या पाण्याने १९७० च्या दशकात वाढ बरीच रोखून धरली होती, हेही त्यातून दिसले. अडलेल्या पाण्याचा असाच परिणाम २०१०–११ च्या ला निनात, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड होते त्या काळात, दिसला : ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेवर इतका पाऊस पडला की जगाची समुद्रपातळी काही काळ सुमारे ५ मिमी खाली गेली.

जुळलेला ताळेबंद २०१६ नंतर पुन्हा फिस्कटला. शोध घेतल्यावर चूक समुद्रात नव्हे, उपकरणांत सापडली. आर्गोच्या काही तरंगकांवरचे क्षारतामापक हळूहळू चुकीचे आकडे देऊ लागले होते. हवेतल्या बाष्पामुळे रडारलहर थोडी रेंगाळते; हा उशीर वजा करण्यासाठी जेसन-३ वर बसवलेल्या उपकरणाचे वाचनही सरकत गेले होते. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर तफावतीचा मोठा भाग मिटला. दोन किलोमीटरखालच्या समुद्राची मोजमापे अजून विरळ आहेत. ती उणीव भरण्यासाठी सहा किलोमीटरपर्यंत जाणारे तरंगक आता सोडले जात आहेत.