माणूस अडवला की टोमॅटो येतो

१९६५ च्या उन्हाळ्यात सॅन डिएगोमधल्या एका शाळेची मुलं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी कडेला असलेल्या ब्लाइथ गावी खरबूज तोडायला गेली. ही काही सहल नव्हती. अमेरिकेचे तेव्हाचे कामगारमंत्री विलार्ड वर्ट्झ यांनीच योजना काढली होती: शाळाशाळांतल्या खेळाडू मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत शेतावर पाठवायचं. अंगात रग आहे, दिवसही मोकळे आहेत, मग मजुरांची टंचाई उरेल कशाला? योजनेचं नावही झोकदार ठेवलं होतं, 'ए-टीम'. हवी होती २०,००० मुलं. मजुरी तासाला १ डॉलर ४० सेंट, वर तीस-पस्तीस खरबुजांची एक पेटी भरली की ५ सेंट जास्तीचे.

काम पहाटे अंधारात सुरू व्हायचं, कारण दुपारी पारा ११० फॅरनहाइटच्या पुढे जायचा. खरबुजाच्या सालीवर बारीक खरखरीत लव असते. तिने हातमोजे काही तासांतच फाटायचे आणि मग बोटं सोलवटायची. राहायला जुन्या बराकी. देशभरात प्रत्यक्ष शेतात उतरली ती सुमारे ३,३०० मुलं. काही ठिकाणी त्यांनी संप केला, काही ठिकाणांहून ती निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात योजनेचं नावही कुणी काढलं नाही.

शाळकरी मुलांना शेतावर धाडायची वेळ आली, कारण मेक्सिकोतून तात्पुरते शेतमजूर आणायची 'ब्रासेरो' योजना ३१ डिसेंबर १९६४ ला बंद झाली होती. अमेरिकेत आज स्थलांतर, आयातशुल्क आणि किराण्याचे भाव यांवर जो गलका चालू आहे, त्याचे बहुतेक धागे या एका तारखेपाशी येऊन मिळतात. पण गाठ त्याच्याही आधीची आहे.

कॅलिफोर्नियाची शेती सुरुवातीपासूनच बाहेरून आलेल्या हातांवर उभी राहिली. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या मुखाकडची दलदल बांध घालून लागवडीखाली आणली ती चिनी मजुरांनी. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायची बंदी झाली. त्यांच्या जागी जपानी आले. १९०७ मध्ये जपानशी अनौपचारिक समझोता होऊन तोही ओघ आटला. पंजाबी शेतमजूरही येत होते. १९१७ च्या कायद्याने आशियाचा बहुतेक भाग 'प्रतिबंधित पट्टा' ठरला आणि तेही थांबले. एक दार बंद केलं की शेतमालक दुसऱ्या दारापाशी जाऊन उभे, असा हा क्रम. आणि दुसरं दार नेहमी उघडंच असायचं. त्याच १९१७ च्या कायद्याने येणाऱ्या प्रत्येकाला साक्षरतेची परीक्षा आणि डोईपट्टी लावली होती. पण काही महिन्यांतच मेक्सिकोच्या शेतमजुरांना दोन्हींतून सूट मिळाली. १९२४ मध्ये युरोपातल्या देशांना कडक कोटे लागले, मेक्सिकोला लागले नाहीत. त्याच वर्षी सीमेवर गस्त घालणारं दलही उभं राहिलं. म्हणजे मेक्सिकोच्या माणसाला कोट्याचा अडसर नाही, पण त्याच्यावर नजर ठेवायला पहारेकरी मात्र आहे. हा दुटप्पीपणा चुकून झालेला नव्हता. मजूर हवा होता, नागरिक नको होता.

मंदीच्या दशकात लाखो मेक्सिकन माणसांना परत धाडलं गेलं. त्यांत अमेरिकेतच जन्मलेले पुष्कळ होते. मग युद्ध आलं, गावातली तरुण पोरं सैन्यात आणि कारखान्यांत गेली, आणि ४ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. 'ब्रासेरो' म्हणजे हाताने राबणारा; स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू. करार कागदावर चांगला होता. किमान मजुरी, राहायची सोय, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं लिहिलेलं. प्रत्यक्षात मजूर एकाच मालकाशी बांधलेला. तक्रार केली की परतीची गाडी. सीमेवरच्या केंद्रांत पुरुषांना उघडं करून अंगावर डीडीटीची भुकटी मारत. पहिल्या काही वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून मेक्सिकोतल्या बचतखात्यात ठेवायचे ठरले होते. ते पैसे असंख्य लोकांच्या हाती कधी पडलेच नाहीत. शेतात त्यांच्या हाती असायचं अगदी आखूड दांड्याचं खुरपं. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूडबुवा. दांडा आखूड, त्यामुळे दिवसभर कंबरेतून दुमडूनच राहावं लागायचं. कुणी क्षणभर पाठ सरळ केली की मुकादमाला बांधावरूनच दिसायचं, आणि मालकांना ते सोयीचं होतं. कॅलिफोर्नियात या खुरप्यावर बंदी यायला १९७५ उजाडलं.

बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. माणसं त्याहून कमी, कारण तीच तीच पुन्हा यायची. मात्र कराराबाहेरचे मजूरही याच काळात सीमा ओलांडत होते. १९५२ च्या कायद्याने बेकायदा आलेल्याला आसरा देणं गुन्हा ठरवलं, आणि त्याच कायद्यात टेक्सासच्या शेतमालकांनी एक कलम घालून घेतलं: कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे! मालकाला हात न लावता मजुराला पकडायची ही सोय १९८६ पर्यंत टिकली.

१९६४ मध्ये योजना संपवणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. स्वस्त परदेशी मजूर गेला की मालकांना मजुरी वाढवावी लागेल आणि इथले लोक शेतावर येतील. मायकल क्लेमेन्स, ईथन ल्युइस आणि हॅना पोस्टेल या तिघांनी जुन्या नोंदी धुंडाळून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला की तसं झालं नाही. जिथे ब्रासेरो भरपूर होते तिथली मजुरी, जिथे ते नव्हतेच तिथल्यापेक्षा काही वेगाने वाढली नाही. मालकांनी दुसरी वाट धरली होती. जिथे यंत्र होतं तिथे यंत्र आणलं, जिथे नव्हतं तिथे पीकच कमी केलं.

टोमॅटोची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. डेव्हिसच्या कृषी विद्यापीठात जॅक हॅना हे वनस्पतिपैदासकार १९४० च्या दशकापासून एका वेगळ्याच टोमॅटोच्या मागे होते. त्यांना चव नको होती, टणकपणा हवा होता. सोबत कोबी लोरेन्झन हे अभियंते यंत्र तयार करत होते. यंत्र आख्खं झाड मुळापाशी कापून उचलतं, हलवून फळं झाडतं आणि ती पट्ट्यावरून गाडीत जातात. त्यासाठी सगळी फळं एकदमच पिकायला हवीत, देठातून सुटायला हवीत आणि आपटली तरी फुटायला नकोत. म्हणजे यंत्र टोमॅटोसाठी घडवलं, त्याहून जास्त टोमॅटो यंत्रासाठी घडवला. ब्रासेरो असेपर्यंत हे यंत्र घ्यायला फारसं कुणी पुढे येत नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केचपचा टोमॅटो जवळपास सगळा हाताने तोडला जायचा. दशक संपता संपता कॅलिफोर्नियात जवळपास सगळा यंत्राने. उत्पादन वाढलं, केचप महागला नाही. लहान शेतकरी मात्र यंत्राच्या किमतीपुढे टिकले नाहीत आणि हजारो तोडणीवाल्यांचं काम गेलं. सार्वजनिक पैशातून चाललेलं संशोधन मोठ्या मालकांच्याच पदरात का, असा खटलाही पुढे विद्यापीठावर झाला.

पण द्राक्ष, स्ट्रॉबेरी, लेट्यूस, शतावरी (अ‍ॅस्परॅगस) यांना तसं यंत्र मिळालं नाही. तिथे माणूसच लागत होता, आणि मालकांना हातासरशी मिळणारा बदली मजूर गेल्यामुळे त्या माणसाला पहिल्यांदाच थोडं बळ आलं. परदेशातून तात्पुरत्या आणलेल्या मजुराला सरकारी नियमाने १ डॉलर ४० सेंट द्यावे लागत असताना फिलिपिनो मजुरांना त्याहून कमी मिळत होतं. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर संपावर गेले. आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची संघटना त्यांना मिळाली. मागणीतला आकडा तोच, १ डॉलर ४० सेंट. देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला आणि १९७० मध्ये मालकांनी करार केले. ब्रासेरो असते तर हा संप चार दिवसांत मोडला असता, असं मला वाटतं.

१९८६ चा कायदा दोन्ही बाजूंना खूश करायला निघाला. सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. त्यांतले ११ लाखांच्या आसपास शेतमजूर म्हणून; अट काय, तर वर्षात ९० दिवस शेतावर काम केल्याचा पुरावा. मालकावरही पहिल्यांदाच जबाबदारी आली, पण कागद वरवर खरे दिसले की त्याची सुटका. साहजिकच खोट्या कागदांचा धंदा फोफावला. ज्यांना खरे कागद मिळाले त्यांतले अनेक लवकरच बांधकामावर, हॉटेलांत गेले आणि त्यांची शेतावरची जागा पुन्हा कागद नसलेल्या नव्या माणसांनी घेतली. आज पीक काढणाऱ्या मजुरांत सुमारे ४० टक्के लोकांकडे कामाचा परवाना नाही, हे सरकारच्याच पाहणीत दिसतं.

आता व्यापाराकडे. सीमा माणसाला बंद केली तरी मालाला उघडी असते, आणि उलटही. १९९१ मध्ये अमेरिकेने पेरूसह अँडीज पर्वतातल्या देशांना करमाफी दिली. हेतू असा की तिथल्या शेतकऱ्याने कोका, म्हणजे कोकेनचं पीक, सोडून दुसरं काही लावावं. पेरूने शतावरी लावली. शतावरीचा कोंब हंगामात रोज वाकून हाताने कापावा लागतो. अमेरिकेतला मजूर त्यात टिकेना. कॅलिफोर्नियातली शतावरी पुढच्या काही दशकांत जवळपास संपली. १ जानेवारी १९९४ ला मेक्सिको आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. उत्तरेकडचा यंत्राने पिकवलेला, अनुदानाने स्वस्त झालेला मका मेक्सिकोत गेला, आणि मेक्सिकोतून टोमॅटो, ढोबळी मिरची, बेरी वर आल्या. मक्याने मेक्सिकोतले किती लहान शेतकरी उखडले आणि त्यांतले किती उत्तरेला मजूर म्हणून आले, यावर अर्थतज्ज्ञांची तोंडं अजून वेगवेगळ्या दिशांना आहेत. आज अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या ताज्या फळांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतात आणि ताज्या भाज्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक. टोमॅटो तोडणारा माणूस सीमेच्या कुठल्या बाजूला उभा असेल, एवढाच काय तो प्रश्न उरला आहे.

आयातीवर कर लावला की शेतकरी वाचतो, हाही जुना समज. १९३० चा स्मूट-हॉली कायदा मुळात शेतकऱ्यांसाठीच निघाला होता. त्यात अंड्यांवरचा कर डझनाला ८ सेंटवरून १० केला. कॅनडाने उत्तरादाखल आपला ३ सेंटवरून थेट १० वर नेला. त्याआधी अमेरिकाच कॅनडाला अंडी विकत होती. तो बाजार बसला. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला, तेव्हा सरकारला शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलरची भरपाई वाटावी लागली.

भावाचा हिशेब मात्र लोकांना वाटतो तसा नाही. मजुरी वाढली की भाजी परवडणार नाही, असं दर हंगामात कुणी ना कुणी म्हणतंच. दुकानात १ डॉलरची ताजी भाजी घेतली, तर शेतकऱ्याकडे ढोबळमानाने २५-३० सेंट जातात. बाकी वाहतूक, शीतगृह, दुकान. त्या ३० सेंटांतला एक तृतीयांश मजुरी धरा: १० सेंट. मजुरी सरसकट ४० टक्क्यांनी वाढवली तरी डॉलरवर ४ सेंट. ग्राहकाला हे जाणवणारही नाही. दणका बसतो तो मजूर महाग झाल्याने नव्हे, मजूर ऐन तोडणीत नाहीसा झाल्याने. २०११ मध्ये जॉर्जिया राज्याने कडक कायदा केला आणि ऐन बेरी-कांद्याच्या हंगामात मजूर राज्य सोडून गेले. गव्हर्नर नेथन डील यांनी शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या लोकांना शेतावर पाठवायचं सुचवलं. काकडीच्या शेतात आलेल्यांतले बरेच दुपार टळायच्या आत निघून गेले. ब्लाइथची ती मुलं त्यापेक्षा जास्त टिकली होती!

या सगळ्यातून कायदेशीर वाट एकच उरली, परदेशी शेतमजुरांसाठीचा एच-२ए व्हिसा. २००५ च्या सुमारास त्यावर वर्षाला ५० हजारांच्या आत जागा मंजूर होत. आता साडेतीन लाखांच्या वर. मालकाने घर, प्रवास आणि सरकारने ठरवलेली मजुरी द्यायची. २०२५ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ती तासाला २० डॉलरला टेकली होती. व्हिसा फक्त हंगामी कामासाठी. गाय रोज दोनदा दुभते, तिला हंगाम नाही, म्हणून दूधवाल्यांना हा व्हिसा मिळत नाही आणि बरेच गोठे कागद नसलेल्या माणसांवर चालतात. हे बदलणारं विधेयक २०१९ आणि २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच.

२०२५ मध्ये तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीन निर्णय झाले. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑक्सनार्ड भागातल्या शेतांवर धाडी पडल्या; शेतमालकांनी ओरड केल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शेतांवरच्या धाडी थांबवल्या आणि काही दिवसांतच तो निर्णय फिरवला गेला. ऑक्टोबरमध्ये कामगार खात्याने एच-२ए ची ठरलेली मजुरी खाली आणणारा नियम काढला. आणि मधे, १४ जुलैला, मेक्सिकोच्या टोमॅटोचा १९९६ पासून चालत आलेला करार मोडला. फ्लोरिडाच्या टोमॅटोवाल्यांच्या तक्रारीवरून तेव्हा ठरलं होतं की मेक्सिकोने ठरावीक किमान भावाखाली माल विकायचा नाही, मग दंडात्मक कर लागणार नाही. करार गेला, १७.०९ टक्के कर आला. नोव्हेंबरमध्ये महागाईची ओरड वाढली तेव्हा सरकारने गोमांस, कॉफी, केळी अशा मालावरची नवी शुल्कं मागे घेतली. टोमॅटोचंही नाव त्या यादीत होतं. मेक्सिकोच्या टोमॅटोवरचे १७.०९ टक्के मात्र वेगळ्या कायद्याखालचे. त्यांना त्या आदेशाने हात लावला नाही.