लघवीची पिशवी काढायची की राखायची? लेकरांच्या ओटीपोटातल्या कॅन्सरची पार्श्वभूमी

लेकरू कुंथतं, लघवी थेंबथेंब होते, कधी लाल होते. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या गावात याला आधी ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. लहान मुलीच्या योनीतून द्राक्षाच्या घोसासारखा मऊ गोळा डोकावला, तर ‘अंग बाहेर आलं’ असं समजतात. पाच वर्षांखालच्या मुलांत या दोन्हींमागे रॅब्डोमायोसार्कोमा असू शकतो. हा स्नायू घडवणाऱ्या कोवळ्या पेशींचा कॅन्सर आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी यावर उपाय एकच होता. मूत्राशय (लघवीची पिशवी), प्रोस्टेट किंवा गर्भाशय आणि योनी, कधी गुदाशयही काढून टाकायचं. मग आतड्याच्या तुकड्यातून लघवीची वाट पोटावर काढायची आणि तिथे प्लास्टिकची पिशवी लावायची. जगलेल्या मुलाला ती पिशवी जन्मभर वागवावी लागायची, आणि तरीही अनेक मुलं दगावत, कारण शस्त्रक्रियेआधीच कॅन्सरच्या पेशी फुफ्फुसात किंवा हाडांत पोचलेल्या असत.

१९७२ मध्ये अमेरिकेत ‘इंटरग्रुप रॅब्डोमायोसार्कोमा स्टडी’ सुरू झाला आणि व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी व सायक्लोफॉस्फामाइड ही तीन औषधं उपचाराचा कणा झाली. नुसत्या औषधांवर मूत्राशय राखायचा, याच मालिकेतल्या दुसऱ्या अभ्यासातला प्रयत्न मात्र फसला. साधारण चारातल्या एकाच मुलाचं मूत्राशय टिकलं. तिसऱ्या अभ्यासात (१९८४ ते १९९१) औषधं वाढवली, किरणोपचार लवकर दिले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेलं. अवयव वाचला तो क्रम बदलल्यामुळे: आधी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी), मग औषधं, गाठ आकसल्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणं.

आणखी एक गोष्ट उशिरा उमगली. उपचारानंतर उरलेल्या गाठीत पुष्कळदा फक्त परिपक्व झालेल्या स्नायूपेशी असतात. त्यांना कॅन्सर समजून पूर्वी काही मूत्राशयं नाहक काढली गेली. म्हणून आज स्कॅनवर डाग दिसला एवढ्यावरून चाकू उचलत नाहीत.

पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेने वेगळी वाट धरली. मूत्राशयाच्या मानेजवळची उरलेली गाठ शक्य तेवढी काढायची, मूत्रमार्ग शाबूत ठेवायचा आणि त्याच शस्त्रक्रियेत भोवती बारीक प्लास्टिकच्या नळ्या बसवायच्या. मग त्यांतून इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूने काही दिवसांत सुमारे ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा जागच्या जागी द्यायची. वाढती हाडं, गुदाशय, अंडाशय बऱ्याच अंशी वाचतात. पण गाठ लहान आणि हाताशी असेल तरच हे जमतं, आणि लहान मुलांवर हे करणारी केंद्रं मोजकीच आहेत.

बाहेरून किरणं द्यायची तर नेहमीची मात्रा ५०.४ ग्रे, म्हणजे रोज १.८ ग्रेचे २८ ‘शेक’, आठवड्याला पाच. (नावात शेक असला तरी यात उष्णता लागत नाही.) लेकरू निपचित पडत नाही, म्हणून रोज भूल लागते. भुलीआधी दूध सहा तास, साधं पाणी दोन तास बंद. सकाळी बिस्किट खाल्लं तर त्या दिवसाचा शेक हुकतो. मुलींची अंडाशयं किरणांच्या वाटेत येत असतील, तर ती आधी वर सरकवून टाके घालतात. नवी मुंबईत खारघरला २०२३ पासून प्रोटॉन किरणांची सोय झाली आहे. साधी किरणं नागपुरातही मिळतात.

विदर्भात खरी अडचण म्हणजे मध्येच काही आठवडे उपचार बंद पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर लघवी मोकळी होते, पोर खेळायला लागतं आणि पेरणीच्या तोंडावर घरच्यांना वाटतं की बरं झालं. कॅन्सरच्या पेशी मात्र शिल्लक असतात. अशा खंडानंतर परतलेली गाठ औषधांना दाद देईलच असं नाही, आणि मग मूत्राशय राखणं अवघड होतं. मे महिन्यातली ४५ अंशांची झळ वेगळाच घोळ घालते. सायक्लोफॉस्फामाइडचा विषारी अंश मूत्राशयात साचून रक्तस्राव होतो, म्हणून सलाइन, मेस्ना (मूत्राशय जपणारं औषध) आणि भरपूर पाणी लागतं. घामाने पाणी जातं तेव्हा लघवी किती झाली ते मोजून लिहावं. अंगात ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. औषधांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो.

राखलेलं मूत्राशय कामाचं आहे का, हा प्रश्न जुन्या आकडेवारीत नीट विचारलेलाच नव्हता. किरणांनी मूत्राशय आखडतं, लघवी गळते, मागे दाब वाढून मूत्रपिंड फुगतं. म्हणून शेवटच्या डोसनंतरही काही वर्षं सोनोग्राफी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि मूत्राशयाच्या दाबाची तपासणी चालू ठेवतात. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे), शेकांची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत घालून प्रत्येक दवाखान्यात न्यावं.