लेपाचा खालचा डोळा वर आला कसा? थोडी पार्श्वभूमी

लेप किंवा भाकस मासा नीट निरखून बघितलाय का कधी? दोन्ही डोळे एकाच बाजूला. तोंड वाकडं, वरची बाजू वाळूच्या रंगाची आणि खालची पांढरीफटक. बऱ्याच जणांना वाटतं की हा मासा वरून दाबल्यासारखा चपटा आहे, पण तसं नाहीये, तो एका कुशीवर आडवा झालेला मासा आहे. म्हणजे आपण जिला पाठ समजतो ती खरं तर त्याची डावी किंवा उजवी बाजू असते. पाकट वरून चपटी असते, तिचं पोट खरोखरच खाली असतं, त्यामुळे या दोघांची गल्लत करू नका.

अंड्यातून बाहेर येतं तेव्हा याचं पिल्लू अगदी चारचौघांसारखं असतं, दोन बाजूंना दोन डोळे, सरळ उभं पोहणारं, पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारं. मग साधारण सेंटीमीटरभर लांबीचं झालं की एक डोळा सरकायला लागतो, कवटीची हाडं पिळवटतात, डोळा डोक्याच्या माथ्यावरून पलीकडे जातो आणि त्याच सुमारास पिल्लू किनाऱ्याजवळच्या उथळ वाळूत नाहीतर चिखलात उतरून आडवं होतं. हे सगळं थायरॉइडच्या हार्मोनवर चालतं, बेडकाच्या पिल्लाची शेपटी ज्याने गळते तेच. १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी पिल्लांचं हे हार्मोन औषधाने अडवून बघितलं तर त्यांचं रूपांतरच थांबलं.

खरा वाद मात्र त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा आहे. १८७१ मध्ये सेंट जॉर्ज मिव्हार्ट नावाच्या इंग्रज प्राणीशास्त्रज्ञाने डार्विनला याच माशावरून कोंडीत पकडलं. त्याचा मुद्दा साधा होता, डोळा जर पिढ्यानपिढ्या जरा जरा सरकत आला असेल तर अर्ध्या वाटेतल्या डोळ्याचा उपयोग काय, तो तर अजून वाळूतच तोंड खुपसून असणार ना? मला हा प्रश्न आजही भारी वाटतो, टाळता येण्यासारखा नव्हताच. डार्विनने आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तीत सविस्तर उत्तर दिलं. माल्म नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने पिल्लं बघून नोंदवलं होतं की कुशीवर पडलेलं पिल्लू खालचा डोळा जोर लावून वर फिरवत राहतं आणि तेव्हा कवटी अजून कूर्चेची, लवचिक असते. डार्विनने त्यावरच भिस्त ठेवली आणि सवयीने झालेला बदल पुढच्या पिढीत उतरतो असंही मानलं, हा भाग पुढे टिकला नाही. नंतर १९४० मध्ये गोल्डश्मिट नावाचा जनुकशास्त्रज्ञ म्हणाला की असे प्राणी हळूहळू नव्हे, उत्क्रांतीच्या एका मोठ्या उडीतच झाले असतील.

उत्तर दगडात होतं, आणि ते दगडही कधीचेच म्युझियममध्ये ठेवलेले होते! इटलीतल्या मोंते बोल्का इथले साधारण ५ कोटी वर्षं जुने, अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टेस नावाच्या माशांचे जीवाश्म. २००८ मध्ये मॅट फ्रीडमन या जीवाश्म-अभ्यासकाने त्यांच्या कवट्या तपासल्या, सीटी स्कॅनही केलं, आणि दिसलं की पूर्ण वाढलेल्या माशांमध्येही एक डोळा वर सरकलाय पण माथा ओलांडून पलीकडे गेलेलाच नाही. म्हणजे मिव्हार्टला जो अशक्य वाटत होता तो मधला मासा खरंच जगत होता, मोठा होत होता. उपयोग काय याचंही पटण्यासारखं उत्तर फ्रीडमनने सुचवलं, आजचे चपटे मासेसुद्धा परांवर रेलून अंग तळापासून थोडं उचलतात, तेवढ्या फटीतून वर सरकलेल्या डोळ्याला नक्कीच जास्त दिसलं असणार.

डोळ्यांवर एवढा जोर का, ते या माशाचं राहणं बघितलं की कळतं. परांची कड फडफडवून तो अंगावर वाळू ओढून घेतो, मग वर फक्त दोन फुगीर डोळे उरतात आणि तेही एकमेकांपासून स्वतंत्रपणे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. बहुतेक मोठ्या चपट्या माशांना हवेची पिशवी नसते, तळाशी पडून राहणाऱ्याला तरंगायचं कशाला. रंगही डोळ्यांनी बघूनच बदलतो, १९११ मध्ये समनर नावाच्या प्राणीशास्त्रज्ञाने त्यांना वेगवेगळ्या नक्षीच्या तळावर ठेवून हे दाखवलं आणि १९९६ च्या प्रयोगात काही उष्ण समुद्रातल्या जातींनी २ ते ८ सेकंदात ठिपके जुळवले.

आणि भाकस तर या सगळ्यात जुन्या वळणाचा. त्याचा सरकलेला डोळा जवळजवळ माथ्याच्या कडेवरच थांबलेला असतो, पाठीचा पर बाकीच्या चपट्या माशांसारखा डोक्यावर चढत नाही, मागूनच सुरू होतो, त्याच्या पुढच्या भागात काटेही असतात, आणि एकाच जातीत काहींचे डोळे डावीकडे तर काहींचे उजवीकडे सापडतात.