लहान टाकीतील सिक्लिड : जातींची निवड

सिक्लिड हे सिक्लिडी कुलातील मासे असून त्यांच्या नोंद झालेल्या जाती १,७०० हून अधिक आहेत. बहुतेक जाती आफ्रिकेतल्या आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या आहेत. नाकपुडी दोन्ही बाजूंना एकेकच आणि घशात जबड्यांची दुसरी जोडी, या त्यांच्या खुणा. कृष्णाकाठच्या बाजारात चिलापी म्हणून विकला जाणारा तिलापियाही याच कुलातला. तो भारतात १९५२ मध्ये आणला गेला.

लहान टाकी म्हणजे इथे २ × १ × १ फुटाची टाकी धरली आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते, पण वाळू-दगड वजा जाता प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. सिक्लिड मात्र लिटर मोजत नाहीत, तळाची जागा मोजतात. अंडी घालायची वेळ आली की जोडी तळाचा एक तुकडा बळकावते आणि तिथे फिरकणाऱ्याला पिटाळून लावते. दोन फुटांत पळून जायला जागाच नसते, म्हणून हरलेला मासा कोपऱ्यात मार खात राहतो. एका टाकीत तळाशी राहणारी एकच जात ठेवावी, हा नियम त्यातूनच आला.

दुकानात सिक्लिड म्हणून पुढे केले जातात ते नेमके नको असलेले. ऑस्कर फूटभर वाढतो. वास्तूला शुभ म्हणून खपणारा फ्लॉवरहॉर्न ही मलेशियात तयार झालेली संकरित जात. तो मोठा होतो आणि सोबत कुणाला जगू देत नाही. एंजल फिश गरीब दिसतो, पण पंखांसकट त्याला दीड फूट उंचीचे पाणी लागते. मलावी सरोवरातले पिवळे-निळे मासे चार फुटांच्या टाकीत कळपानेच बरे.

उरलेल्या लहान जातींतून निवड करताना रंगाआधी पाणी बघावे. सांगली-मिरज भागात काळ्या जमिनीतले बोअरचे पाणी बहुधा जड असते : डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोंडाला पांढरा क्षार चढतो. सातारा शहराच्या ज्या भागाला कास तलावाचे पाणी येते, तिथली गोष्ट वेगळी. जांभ्या खडकाच्या पठारावर साठलेले पावसाचे पाणी सहसा मृदू असते. तासगावकडचे द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी याचे माप) तपासून घेतात. टाकीसाठीही तेवढीच तपासणी पुरे, सोबत कठीणपणा कळला तर उत्तम.

जड पाण्याला टांगानिका सरोवरातला शंखवासी सिक्लिड, शास्त्रीय नावाने निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, फार चांगला. तो जेमतेम दीड-दोन इंचांचा असून रिकाम्या शंखांत राहतो आणि त्याला ७.८ च्या वरचा सामू मानवतो. तळाला दोन इंच बारीक वाळू आणि माशांच्या संख्येपेक्षा जास्त शंख द्यावेत. मग हे मासे तोंडात वाळू भरून बाजूला थुंकतात, शंखाभोवती खड्डा करतात आणि शेवटी फक्त त्याचे तोंड वाळूच्या वर राहील इतका तो पुरतात. सजावटीला लावलेली रोपे यात उखडली जातात. त्याला इलाज नाही. या टाकीत दुसरा मासा घालायची गरज पडत नाही, कारण पिल्ले मोठी होऊन वसाहत आपोआप वाढते.

मध्यम पाण्याला पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस चालतो. नर चार इंचांपर्यंत, मादी त्याहून लहान. इथे पुढाकार मादीचा : जांभळट-लाल पोट दाखवत, अंग वाकवून ती नरापुढे थरथरते. तोंड पाडलेली नारळाची करवंटी पालथी ठेवली की अंडी तिच्या आतल्या छताला चिकटवली जातात. पिल्लांतले नर-मादीचे प्रमाण पाण्याच्या सामूनुसार बदलते. सोबतीला वरच्या थरात पोहणारे झेब्रा डॅनिओ ठेवावेत. तळाशी राहणारे कोरिडोरस नकोत, पिल्लांच्या काळात त्यांचे डोळेसुद्धा सुरक्षित नसतात.

मृदू पाणी असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला रॅम हा लहान सिक्लिड, एकच जोडी. त्याला २७ ते ३० अंश तापमान लागते, त्यामुळे सोबत उष्ण पाणी सोसणारे कार्डिनल टेट्रा निवडावेत. नवी टाकी लावल्याबरोबर रॅम आणू नये. माशांच्या घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे जातात. बोअरच्या पाण्यात आरओचे पाणी मिसळून रॅम पाळणारेही आहेत. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना ते मिश्रण तंतोतंत जमवत बसायचे, यापेक्षा नळाला येते त्या पाण्याचा मासा घ्यावा. नगरपालिकेच्या पाण्यात मात्र क्लोरीन मारणारे थेंब आधी टाकावेच लागतात.

साताऱ्यात हिवाळ्यातल्या रात्री गारठा असतो, तेव्हा थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतोच. सांगलीच्या उन्हाळ्यात अडचण उलटी : पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि वीज गेली की फिल्टरही बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.