‘ब्लू नोट’ची जॅझ तबकडी: दोन खुणांमागचा इतिहास

न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ या जॅझ तबकड्या काढणाऱ्या कंपनीची १९६६ च्या आधीची एलपी (हळू फिरणारी, जास्त वेळ वाजणारी तबकडी) हातात आली, तर कव्हरच्या आधी तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. शेवटची रचना संपते तिथपासून लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. १९५३ नंतरच्या बहुतेक तबकड्यांवर तिथे दोन खुणा सापडतात: ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ ही अक्षरं, आणि माणसाच्या कानासारखं दिसणारं एक वळणदार चिन्ह. पहिली खूण ज्याने ध्वनिमुद्रण केलं त्यानेच मूळ तबकडीवर आवाजाची खाचही कोरल्याची, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डरची. दुसरी न्यू जर्सीतल्या ‘प्लॅस्टिलाइट’ या तबकड्या छापणाऱ्या कारखान्याची. तो कान म्हणजे त्यांचं तिरपं इंग्रजी ‘पी’. छोट्या कंपनीने ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंतची माणसं वर्षानुवर्षं बदलली नाहीत, हे या दोन खुणांवरून कळतं. ‘ब्लू नोट’चा आवाज ओळखू येतो त्याचं मोठं कारण हेच.

कंपनी उभी राहिली बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनच्या हौशीतून. डिसेंबर १९३८ मध्ये त्याने कार्नेगी हॉलमध्ये अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस यांचा बुगी-वुगी (डाव्या हाताच्या धावत्या ठेक्यावरचा ब्लूज) पियानो ऐकला आणि ६ जानेवारी १९३९ रोजी दोघांना भाड्याच्या स्टुडिओत बसवून ध्वनिमुद्रण केलं. सुरुवातीचे पैसे लेखक मॅक्स मार्ग्युलिसने घातले. त्याच वर्षाच्या अखेरीस लायनचा बर्लिनचाच मित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. पहिल्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या होत्या, पण नेहमीच्या १० इंची नव्हेत, १२ इंची. दहा इंचीत जेमतेम तीन मिनिटं मावतात, बारा इंचीत चार-साडेचार. वादकाला आणखी एक आवर्तन मिळावं म्हणून हा जादा खर्च केला होता. सॅक्सोफोनवादक सिडनी बेशेचं ‘समरटाइम’ पहिल्याच वर्षी चांगलं खपलं.

नव्या जॅझकडे लायनला वळवलं सॅक्सोफोनवादक आइक क्युबेकने. १९४७ मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या नावावर पहिलं ध्वनिमुद्रण झालं. तबकड्या खपेनात, तरी लायन मंकला पुन्हा पुन्हा बोलावत राहिला. मला ‘ब्लू नोट’च्या साऱ्या इतिहासात हा हट्ट सर्वांत मोलाचा वाटतो. दरम्यान एलपी आली. ‘ब्लू नोट’ने १९५१ च्या सुमारास १० इंची मालिका काढली, आणि ती स्थिरावते तोच बाजार १२ इंचीकडे गेला. पुन्हा नवी जुळणी, पुन्हा नवी कव्हरं. छोट्या कंपनीला असा बदल एखाद्या फसलेल्या तबकडीपेक्षा महाग पडतो.

पण लायनने तालमीचा पैसा कधी वाचवला नाही. आधी प्रमुख वादकाबरोबर रचना आणि साथीदार ठरायचे, मग साधारण दोन दिवसांची तालीम व्हायची आणि तिचा मोबदला मिळायचा. त्यानंतर बहुतेक एलपी एका दिवसात मुद्रित व्हायची. तालीम नसेल तर वादक सर्वांना पाठ असलेले ब्लूज आणि जुनी गाणी वाजवून मोकळे होतात. त्यात एकेकाचं वादन उत्तम असू शकतं, पण तीन फुंकवाद्यांनी मिळून वाजवायची नवी रचना उभी राहत नाही. सुरुवात-शेवट सैल पडतात आणि फेरमुद्रणात ओठ थकतात. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘ब्लू ट्रेन’ (मुद्रण १५ सप्टेंबर १९५७) ऐका. पाचपैकी चार रचना त्याच्या स्वतःच्या. सॅक्सोफोनबरोबर एकोणीस वर्षांच्या ली मॉर्गनचा ट्रम्पेट आणि कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन. तिघांची एकत्र सुरावट जिथे थांबते तिथे श्वाससुद्धा एकदम थांबतो. त्याच काळात, त्याच खोलीत, इतर कंपन्यांसाठी त्याच वादकांनी केलेली ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली की तालमीचा फरक कानांना कळतो.

ती खोली म्हणजे न्यू जर्सीत हॅकेन्सॅकमधल्या व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचा दिवाणखाना. व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ मध्ये एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधल्यावर त्याने चष्म्याचा व्यवसाय सोडला. जर्मन नॉयमन मायक्रोफोन तो वाद्याच्या बराच जवळ लावायचा. त्यामुळे ट्रम्पेट आणि झांजा अंगावर येतात. पियानो मात्र थोडा आक्रसलेला, झाकणाखालून आल्यासारखा वाटतो. ही उणीव खरी आहे. कोरताना त्याला आणखी एक तोल सांभाळावा लागे. खर्जाचे स्वर खाचेला रुंद हेलकावे देतात, जागा खातात, आणि हलक्या प्लेअरची सुई उडते. एका बाजूला वीस मिनिटांपलीकडे संगीत भरलं, तर खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. व्हॅन गेल्डर खर्ज आवरून बाकीचा आवाज मोठा ठेवी. म्हणून या तबकड्या साध्या यंत्रावरही भरदार वाजतात.

मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) प्रत चांगली की स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा), असा संग्राहकांत वाद चालतो. त्यात एक गोष्ट विसरली जाते. १९५७ मध्ये स्टीरिओ सुरू झाल्यावर काही काळ दोन टेपयंत्रं बरोबरीने चालायची, एक मोनो आणि एक स्टीरिओ. १९५८ च्या अखेरीपासून फक्त दोन पट्ट्यांची टेप राहिली आणि मोनो तबकडी तिचीच एकत्र करून कोरली जाई. तेव्हा १९६० नंतरच्या मोनो प्रतीला ‘वेगळं मूळ ध्वनिमुद्रण’ समजून जादा पैसे मोजू नयेत.

कव्हरांचं काम रीड माइल्सकडे होतं. वुल्फने मुद्रणाच्या वेळी काढलेले फोटो तो निर्दयपणे कापायचा, एक-दोनच रंग वापरायचा आणि अक्षरांनाच चित्र करायचा. कमी रंगांमुळे छपाईही स्वस्त पडे.

कंपनी विकली गेली ती यश मिळू लागल्यावर. डिसेंबर १९६३ मध्ये मुद्रित झालेलं ली मॉर्गनचं ‘द साइडवाइंडर’ अनपेक्षितपणे खपलं. मागोमाग पियानोवादक होरेस सिल्व्हरचं ‘साँग फॉर माय फादर’. अशा वेळी छोट्या कंपनीची कोंडी होते: छपाईचे आणि कव्हरांचे पैसे आधी द्यावे लागतात, वितरकाकडून वसुली महिन्यांनी होते, आणि तो तसंच दुसरं लोकप्रिय काहीतरी मागत राहतो. मग कितीतरी तबकड्यांची पहिली रचना ‘साइडवाइंडर’च्या वळणाची येऊ लागली. १९६५ मध्ये कंपनी ‘लिबर्टी’ या दुसऱ्या तबकडी कंपनीला विकली गेली. १९६७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने लायन बाहेर पडला. वुल्फ १९७१ मध्ये मरेपर्यंत काम करत राहिला. नव्या मालकांनी छपाई दुसरीकडे नेली. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणाच्या प्रतीवर व्हॅन गेल्डरची अक्षरं असून कान नसेल, तर ती साधारणपणे १९६६ नंतरची छपाई समजावी. अर्थात ती वाईट असेलच असं नाही, कारण साचे अनेकदा जुनेच होते.

लायनने जितकं मुद्रित केलं तितकं सगळं प्रसिद्ध झालं नाही. १९७५ पासून निर्माता मायकेल कस्कुनाने गोदामातल्या टेपा ऐकायला घेतल्या, तेव्हा पूर्ण एलपीच्या एलपी निघाल्या. सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्सने १९५८ ते १९६१ मध्ये स्वतःच्या नावावर चार मुद्रणं केली होती. त्यातलं एकच, ‘ट्रू ब्लू’, त्याच्या हयातीत बाजारात आलं. १९७४ मध्ये तो गेला; उरलेली तीन त्यानंतर निघाली.