पराशय, ताऱ्यांचा

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित इकडेतिकडे सरकलेला दिसतो. या एकूण सरकण्याच्या निम्म्या कोनाला त्या ताऱ्याचा पराशय म्हणतात. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन वेधांत पृथ्वीची जागा सुमारे ३० कोटी किमी. बदललेली असते, हा पाया आणि कोन हाती आला की ताऱ्याचे अंतर निघते. पराशय एक विकला (अंशाचा ३,६००वा भाग) असेल तर अंतर एक पार्सेक (३.२६ प्रकाशवर्षे), अर्धी विकला असेल तर दोन पार्सेक.

गणित शाळेतले, वेध मात्र कमालीचा अवघड. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचा व्यास सुमारे १,८०० विकला भरतो. सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याचा पराशय जेमतेम ०.७७ विकला आहे. पराशय दिसत नाही, हा पृथ्वी स्थिर मानणाऱ्या सोळाव्या शतकातील ज्योतिर्विद ट्यूको ब्राहे यांचा एक मुख्य आधार होता. तर्क म्हणून तो बिनचूकच होता. तारे इतके दूर असतील हे त्यांना पटले नाही, एवढेच. पुढे जेम्स ब्रॅडली पराशय शोधायला गेले आणि १७२९ मध्ये त्यांनी जाहीर केले ते प्रकाशाचे विपथन, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाची दिशा किंचित बदललेली दिसणे. पृथ्वी फिरते याचा पुरावा मिळाला, पण ताऱ्यांचे अंतर काही मिळाले नाही.

ते १८३८ मध्ये कोनिग्झबर्ग येथे फ्रीड्रिख बेसेल यांनी काढले. त्यांनी ठळक तारा न घेता हंस तारकासमूहातील ‘६१ हंस’ हा अंधुक तारा निवडला, कारण तो स्वतःच्या गतीने आकाशात वर्षाला पाच विकलांहून अधिक सरकतो, म्हणजे जवळचा असणार. त्यांच्या हेलिओमीटरचे वस्तुभिंग मधोमध कापलेले होते. दोन अर्ध्यांतून दोन प्रतिमा मिळत. स्क्रूने एक अर्धे सरकवून ताऱ्याची प्रतिमा शेजारच्या ताऱ्याशी जुळवायची आणि स्क्रूवरचे माप टिपायचे. पराशय ०.३१ विकला आला. आधुनिक मूल्य ०.२९ आहे. अभिजित ताऱ्याचा पराशय स्ट्रूव्ह यांनी, तर मित्र (आल्फा सेंटॉरी) ताऱ्याचा हेंडरसन यांनी त्याच सुमारास मोजला. हेंडरसन यांचे वेध बेसेल यांच्याही आधीचे, पण त्यांनी ते १८३९ पर्यंत प्रसिद्धच केले नाहीत.

जमिनीवरून वातावरण आड येते. हिपार्कस उपग्रहाने (प्रक्षेपण १९८९) सुमारे १,१८,००० ताऱ्यांचे, तर गाया उपग्रहाने (प्रक्षेपण २०१३) जवळजवळ दीड अब्ज ताऱ्यांचे पराशय मोजले. दीर्घिकांपर्यंत ही रीत पोचत नाही. तेथे हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवून दिलेला सेफीड ताऱ्यांचा (ज्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते) आवर्तकाल व तेजस्विता यांतील संबंध वापरतात. त्याचे प्रमाणीकरणही पराशयावरच होते. म्हणून गायाच्या मोजमापांतील काही दशलक्षांश विकलांची पद्धतशीर त्रुटीसुद्धा आधी दुरुस्त करून घ्यावी लागते.