धोकादायक कुत्री : पालन व नोंदणी (कोल्हापूर)

कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्याचा परवाना, कुत्र्यांवरील कर आणि माणसाला इजा करू शकेल अशा कुत्र्याबाबत मालकावर येणारी जबाबदारी यांसंबंधीचे नियम. ‘धोकादायक कुत्रा’ हा शब्दप्रयोग मुख्यतः वर्तमानपत्री आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात त्याची व्याख्या आढळत नाही. बोलीने मात्र हे भेद केव्हाच पाडून ठेवले आहेत. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे रोगी (→ अलर्क रोग, म्हणजे रेबीज), चावरं म्हणजे खोड असलेलं, आणि अंगावर येणारं म्हणजे भुंकून धावणारं, पण चावेलच असं नाही. कायद्याला यातले पहिले स्पष्ट दिसते, दुसरे चावल्यानंतर दिसते आणि तिसऱ्याची त्याने फारशी दखल घेतलेली नाही.

कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. तेव्हापासून शहराला १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तोच आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम १२७ मध्ये करांचे दोन गट आहेत. मालमत्ता कर आणि वाहने, नौका व जनावरे यांवरील कर हे बसवलेच पाहिजेत अशा गटात आहेत. कुत्र्यांवरील कर दुसऱ्या, म्हणजे महापालिकेला हवा तर बसवता येणाऱ्या गटात आहे. ‘जनावरे’ हा शब्द आधी येऊन गेला असतानाही कुत्र्याची वेगळी नोंद करावी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. परवाने देणे, ते निलंबित वा रद्द करणे आणि त्यांची फी यांबाबतच्या सर्वसाधारण तरतुदी कलम ३८६ मध्ये आणि उपविधी करण्याचा अधिकार कलम ४५८ मध्ये आहे.

कुत्र्याच्या परवान्याचा उगम महसुलात शोधायचा की आरोग्यात, याबद्दल दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार ही इंग्लंडची उसनवारी आहे. तेथे १७९६ मध्ये कुत्र्यांवर कर बसला, १८६७ मध्ये त्याची जागा परवान्याने घेतली आणि १९८७ मध्ये तो परवानाही रद्द झाला. श्रीमंतांचे शिकारी कुत्रे ही चैन मानून तिच्यावर पैसा काढावा, हा त्यामागचा एक विचार होता. दुसरे मत पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीवर आणि मुंबई बेटावरच्या बंदोबस्तावर भर देते. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने घरची कुत्रीही मारली जाऊ लागली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. पाळलेले कुत्रे कोणते आणि बेवारस कोणते हे ओळखता यावे म्हणून पट्टा व बिल्ला आला, असे या मताचे सार. दोन्हींत तथ्य असावे. तथापि तरतूद आरोग्याच्या प्रकरणात नसून करांच्या यादीत आहे, एवढे पाहिले तरी पहिल्या मताचे पारडे जड वाटते. याचा परिणाम आजही जाणवतो. परवाना हा मुळात पैसे भरल्याचा पुरावा आहे. कुत्रा कोणाचा हे त्यावरून कळते, पण कसा आहे ते कळत नाही.

 

राज्यातील महानगरपालिकांत नोंदणीची सर्वसाधारण रीत अशी : मालकाची ओळख व पत्ता, पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचे रेबीज लसीचे कार्ड, कुत्र्याचे वय, लिंग, रंग आणि जात. परवाना ठरावीक मुदतीचा असतो व मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाले की आणि पुढे दरवर्षी देतात. पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाचीच, असे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्येही म्हटले आहे. व्यवहारात लसीचे कार्ड पुष्कळ घरी असते. परवान्याची आठवण मात्र शेजाऱ्याशी वाजल्यावर होते.

अर्जातला ‘जात’ हा रकाना दिसतो तेवढा साधा नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला आणलेला उंच, पोट आत ओढलेला, लांब तोंडाचा कुत्रा एकाच्या कार्डावर ‘मुधोळ’ असतो, दुसऱ्याच्या ‘कारवान’ आणि तिसऱ्याच्या नुसताच ‘देशी’. पहिली दोन नावे एकाच प्रकाराची मानली जातात. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरव्हान हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम वा मध्य आशियातून आलेल्या सालुकीसारख्या कुत्र्यांपासून तो झाला, हे मत रूढ आहे. दख्खनमधल्या स्थानिक शिकारी कुत्र्यांचा वाटाही त्यात मोठा असावा, असे इतर मानतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निगुतीने पैदास केली व नाव रूढ केले, याबद्दल दुमत नाही. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्याचे तिकीट काढले. कोल्हापूर–सांगली भागात जत्रेतल्या शर्यतींसाठी आणि शेतावरच्या राखणीसाठी हा कुत्रा पाळतात. धोकादायक म्हणून काढलेल्या कोणत्याही प्रसिद्ध यादीत त्याचे नाव नाही. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, हे पाळणारे स्वतःच सांगतात.

जातीवरून धोका ठरवण्याचा देशपातळीवरचा मोठा प्रयत्न १२ मार्च २०२४ चा. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने त्या दिवशी राज्यांना पत्र पाठवून काही जातींची आयात, पैदास व विक्री यांना परवानगी देऊ नये आणि आधीपासून पाळलेल्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असे कळवले. यादीत पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, रॉटवायलर, केन कॉर्सो, कंगाल, अकिता, ऱ्होडेशियन रिजबॅक ही नावे होती. ‘२३ जाती’ हा आकडा सर्वत्र छापला गेला, पण नावे सुटी मोजली तर मोजणी २३ च्या पुढे जाते. शिवाय तोसा इनू आणि जपानी तोसा ही एकाच कुत्र्याची नावे दोनदा आली आहेत. ‘मॅस्टिफ’ आणि ‘टेरियर’ हे तर अख्खे गट आहेत; शब्दशः घेतले तर मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही त्यात सापडतो. ‘बॅनडॉग’ ही प्रस्थापित जात नसून राखणीसाठी केलेल्या संकराचे नाव आहे. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यातले मूळ चारही प्रकार (पिटबुल, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो) या यादीत आहेत, यावरून एक उगम तरी तिकडचा असावा.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे पत्र रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकले नव्हते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. रीतसर प्रक्रिया करून नव्याने नियम करण्यास न्यायालयाने मज्जाव केला नाही. पुढे केंद्राने हरकती व सूचना मागवल्या. निकाल शेजारच्या राज्यातला असला तरी पत्र केंद्राचे होते, म्हणून त्याचे पडसाद इकडेही उमटले. कोल्हापुरात मालकाला जातीच्या नावाने अडवायचे तर आज हे पत्र आधार म्हणून पुरेसे ठरेल असे वाटत नाही.

जातीचा निकष डळमळीत असल्याने भार पडतो तो वर्तनावर. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे २८९) १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला संभाव्य धोका किंवा जबर दुखापतीचा संभव असताना पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या कलमात दंडाची मर्यादा एक हजार होती. कलमात जात नाही, परवाना नाही, कुत्र्याचे नावही नाही. ते बैलालाही लागू होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही क्रूर कुत्रा मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळा सोडण्याला आणि कुत्रा कोणाच्या अंगावर सोडण्याला मनाई आहे. मुसके हा आपल्याकडे बैलाचा शब्द. पेठांत तो कुत्र्याला लावलेला क्वचितच ऐकू येतो. तिथे ‘तोंडाला जाळी’ म्हणतात.

ताराबाई पार्कातल्या बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा पाट्या असतात. पाटी लावली की आपली जबाबदारी संपली, अशी समजूत आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र ती उलटण्याची शक्यता असते. इंग्लिश विधिपरंपरेत प्राण्याची खोड मालकाला ठाऊक होती का, हा कळीचा प्रश्न; आणि ती ठाऊक असल्याचे मालकाने स्वतःच रंगवून टांगलेले असते. परवान्याचेही तसेच आहे. तो असल्याने कलम २९१ मधून सुटका होत नाही. नसला तर महापालिकेची कारवाई वेगळी.

चावा झाल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि लगेच लस घेणे हाच क्रम. शहरात त्यासाठी लोक छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे ‘सीपीआर’ गाठतात. कुत्रा पाळलेला असल्यास तो दहा दिवस नजरेखाली ठेवतात, पण त्यासाठी लस थांबवायची नसते. ‘पाळलेलं आहे, काही होत नाही’ हे वाक्य या टप्प्यावर महागात पडते.

मोकाट कुत्र्यांना ना परवाना लागू, ना मालकाची जबाबदारी. त्यांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त वा आक्रमक असलेली सोडू नयेत, असा आदेश दिला व विषयाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढवली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून कुत्री हलवण्यास सांगितले. ‘आक्रमक’ कोणाला म्हणायचे हे येथेही हाताळणाऱ्याच्या अंदाजावर राहते.

महापालिकेच्या परवान्याला शहराच्या हद्दीबाहेर अर्थ नाही, आणि कोल्हापूरची हद्दवाढ अनेक वर्षे रखडलेली आहे. पाचगाव, उचगाव, कळंबा ही गावे वस्तीने शहराला चिकटली असली तरी कारभार ग्रामपंचायतींचा. एकाच रस्त्याच्या एका अंगाला महापालिका आणि दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायत अशी स्थिती काही ठिकाणी आहे. कुत्रा रस्ता ओलांडून गेला की परवान्याचा नियम मागे राहतो, कलम २९१ मात्र त्याच्याबरोबर जाते. इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाल्याने तिला १९४९ चाच अधिनियम लागू झाला. कागल, गडहिंग्लज व जयसिंगपूर येथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आहे. अशा प्रकरणांतील रिट याचिकांसाठी पूर्वी मुंबईला जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम येथेच सुरू झाले आहे.